आत्याबाईंनी तपासलेली नावं

तुम्ही घरचेच म्हणून सांगते, नाहीतर या फजितीबद्दल मी बाहेर अवाक्षर काढलेलं नाही. चहा घ्या गरम आहे तोवर. आणि हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, नंतर मला राग येतो.

तर मी मावशी जुनी आहे, पण आत्या नवीन. दोन्ही बहिणींची मुलं मोठी झाली, नोकरीला लागली, आणि आमच्या धाकट्या भावाने, अमोलने, मला आत्या व्हायला पन्नाशीपर्यंत ताटकळत ठेवलं. शेवटी झाली एकदाची मुलगी. आता बाळाचं नाव ठेवायचा मान कुणाचा? आत्याचा. बारशाला पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं ते तिनेच. मला हा मान हवा होता, आणि नुसता कानात सांगण्यापुरता नाही. नाव निवडायचं तेही मीच.

अमोलची बायको स्नेहल, माहेर सटाण्याचं. मुलगी शांत, पडतं घेणारी. म्हणाली, "ताई, नावाचं तुम्हीच बघा. फक्त छोटं असू दे, दोन अक्षरी. यांची कंपनी कधी बाहेरदेशी पाठवेल सांगता येत नाही."

झालं. हे 'बाहेरदेशी' माझ्या डोक्यात बसलं.

मी शाळेत मराठी शिकवते हे तुम्हाला माहीतच आहे. आमच्या एका बाईंचा मुलगा जपानला असतो. त्याच सुमारास त्यांनी स्टाफरूममध्ये सांगितलं की तिकडे 'आई' म्हणजे प्रेम. मला इतकं बरं वाटलं की घरी येऊन मी मोबाइल घेऊनच बसले. व्हिएतनामीत 'आई' म्हणजे 'कोण'. स्वाहिलीत 'दादा' म्हणजे बहीण. रशियनमध्ये 'बाबा' म्हणजे बाई, तीही म्हातारी. एवढासा शब्द, या भाषेचा त्या भाषेशी काडीचा संबंध नाही, आणि जाईल तिथे हा आपला नवा संसार मांडून बसलेला. मला तर दोन दिवस जेवण सुचेना.

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "आणि 'काका' म्हणजे काय गं?"

स्पॅनिशमध्ये काय होतं ते मी वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला. तुमच्या हातात चहा आहे म्हणून सांगत नाही.

पण त्यावरून एक लक्षात आलं. उद्या आपली पोर कुठल्या तरी देशात जाऊन स्वतःचं नाव सांगायची आणि वर्ग खो खो हसायचा. ते नको. नाव असं पाहिजे की जगाच्या पाठीवर कुठे वेडंवाकडं निघता कामा नये. मी कामाला लागले.

आमचा दोन्ही घरांचा मिळून एक ग्रुप आहे मोबाइलवर, चाळीसेक माणसं. स्नेहलने तिथे पहिलं नाव टाकलं, 'उमा'. मी दहा मिनिटांत उत्तर दिलं: 'जपानीत उमा म्हणजे घोडा. बाद.' खाली घोड्याचं चित्रही टाकलं, म्हणजे कुणाला शंका नको.

ग्रुपवर सामसूम. मला वाटलं, थक्क झाले सगळे.

दोन दिवसांनी 'तारा' आलं. मी लिहिलं: 'स्पॅनिशमध्ये खोट, वैगुण्य. आपल्या मुलीत कसली खोट? बाद.' मग 'सई'. 'जपानीत गेंडा. बाद.' उच्चार जरा इकडेतिकडे होता, पण गेंड्याच्या बाबतीत कशाला धोका पत्करा? 'इरा' आलं, ते लॅटिनमध्ये राग निघालं. तुम्हाला खरं सांगू का, 'बाद' लिहिताना जे समाधान मिळतं ना, ते पेपर तपासतानाही मिळत नाही.

हे म्हणाले, "तुला नाव ठेवायला सांगितलंय, नावं ठेवायला नाही."

मी लक्ष दिलं नाही. अमोलचाही एकदा फोन आला. "ताई, ग्रुपवर जरा जपून लिहीत जा."

"का रे? चुकीचं लिहिते का काही?"

"तसं नाही. सगळे वाचतात."

"वाचू देत की. चार गोष्टी कळतील त्यांनाही."

त्याने फोन ठेवला. लहानपणापासून तसाच आहे तो, एक गोष्ट धड सांगायची नाही.

महिनाभर खपून मी शेवटी 'रेवा' शोधून काढलं. फक्त तिकडे ताहिती बेटावर रेवा म्हणजे झेंडा. झेंडा चालतो, मानाचा असतो. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. एकदम बाळाच्या कानातच सांगणार होते.

बारसं गंगापूर रोडला एका छोट्या हॉलमध्ये होतं. मी पैठणी नेसून, पंचवटीतून रिक्षाने, तासभर आधी हजर. पाळण्याशेजारी स्नेहलच्या माहेरच्या बायका ओळीने बसलेल्या. मी विहीणबाईंना वाकून नमस्कार केला. त्या नुसतं "या" म्हणाल्या आणि तोंड पाळण्याकडे फिरवलं. खांदे जरा हलल्यासारखे वाटले. म्हटलं सटाण्याहून येऊन दमल्या असतील.

तेवढ्यात अमोलने साड्यांच्या पाकिटांची पिशवी माझ्या हातात दिली. "ताई, मानाच्या साड्या आहेत. वर नावं लिहिलीत, तेवढी वाचून दे."

आता इथे जरा थांबा. तुम्ही मला सांगा, तुमच्या विहीणबाईंचं नाव काय? नाही ना आठवत? आपल्याकडे बायकांना नाव असतं, पण ते हाक मारायला नसतं. माझ्या मोबाइलमध्ये स्नेहलची आई म्हणजे 'सटाणा विहीणबाई'. तिची मावशी म्हणजे 'मोठ्या मावशी'. धाकटी बहीण 'बेबी'. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि मी, जिने साऱ्या जगाच्या भाषा पालथ्या घातल्या, तिने या तिघींना कधी नाव विचारलं नव्हतं.

पहिलं पाकीट उचललं आणि वर्गात हजेरी घेतात तशी खणखणीत आवाजात विचारलं, "उमाताई कोण?"

विहीणबाई उठल्या. सावकाश चालत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मीच शे, ताई," त्या सटाण्याच्या बोलीत म्हणाल्या. "घोडा."

पाकीट त्यांनीच माझ्या बोटांतून सोडवून घेतलं. दुसऱ्या पाकिटावर काय लिहिलंय ते वाचायची हिंमत होईना, तर मोठ्या मावशी आपणहून पुढे आल्या. "खोट आलीय. द्या इकडे."

तिसऱ्याला मी नुसतं वर बघितलं. बेबी मोबाइल धरून शूटिंग करत होती. "गेंडा," ती म्हणाली. "ताई, जरा इकडे तोंड करा ना."

हसताय काय? मला त्या क्षणी खरंच लाज वाटली हो. डोळ्यांत पाणी आलं. चाळीस माणसांसमोर त्या बाईंना मी घोडा म्हटलं होतं, आणि वर चित्र. "विहीणबाई, चुकलं माझं," मी म्हटलं.

"आधी नाव तर ठेवा," त्या म्हणाल्या.

मी मनाशी ठरवलं. गेली ती रेवा, गेला तो झेंडा. आज या मुलीचं नाव तिच्या आजीचं. मी पाळण्यावर वाकले. आता आत्या कानात 'कुर्रर्र' करत असताना मागे उभ्या असलेल्या बायका तिच्या पाठीत हलके धपाटे घालतात, ही रीत तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या मागे कोण उभं होतं तेही तुम्हाला ठाऊक आहे. विहीणबाईंचा हात रोज वीस माणसांच्या बाजरीच्या भाकरी थापणारा. पहिल्याच धपाट्याला मी पाळण्यात जाता जाता राहिले. तशातही कानात 'उमा' म्हटलं, सरळ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं जाहीर केलं, "उमा."

मला वाटलं, आता विहीणबाई डोळे पुसतील.

त्या म्हणाल्या, "अहो, ते नको. मलाच कधी आवडलं नाही ते."

स्नेहल ओठ चावत उभी होती. "ताई, नाव नोंदवून झालंय. दाखल्यावर पण आलं."

"कधी?"

"तुम्ही आईला घोडा केलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी हे महापालिकेत जाऊन आले. मृण्मयी."

"मृण्मयी? अगं, बाहेरदेशी कुणाला म्हणता तरी येईल का ते?"

"नाही येणार," स्नेहल शांतपणे म्हणाली. "मग त्याचा अर्थ तरी कसा काढतील?"

मी विचारलं, "मग बाकीची नावं कशाला पाठवत होतीस महिनाभर?"

तिने बाळाचं टोपडं नीट केलं. "तुम्ही आधी रोज फोन करायच्या ना ताई. हॉलवाल्याला, आचाऱ्याला, मला तर तीनतीनदा. नावं शोधायला लागलात आणि फोन बंद झाले. सगळं कसं सुरळीत पार पडलं. मावशी तर म्हणाली, आता माझं नाव टाक, बघू माझं काय निघतं."

इतका वेळ पदर तोंडाशी धरून बसलेल्या सगळ्या बायका तेव्हा मोकळ्या झाल्या. हॉलभर हशा. अमोलसुद्धा, निर्लज्ज. आणि मी, या घरात आपल्यावाचून पान हलत नाही असं समजणारी, पन्नाशीची मराठीची बाई, हातात रिकामी पिशवी घेऊन मध्यभागी उभी.

"म्हणजे माझं काहीच काम नव्हतं," मी म्हटलं.

"असं कसं?" विहीणबाई म्हणाल्या. "कानात चुकीचं नाव गेलंय पोरीच्या. आत्याचा मान आत्यालाच." आणि त्यांनी पदर कमरेला खोचला. "वाका, ताई, परत."