पाठ करून ऐकणारा इनास

फोनवर इनासचं नाव दिसलं आणि मी मनात म्हटलं, झालं, याला पुन्हा नवी चिप हवी! काशीमीऱ्याच्या सिग्नलला शेअर रिक्षात अवघडून बसलो होतो, म्हणून फोन वाजू दिला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला. पलीकडे त्याची बायको, मार्थावहिनी. "भाऊ, आमचे हे गेले..." एवढंच म्हणाल्या. आधी न उचललेल्या त्या फोनची लाज तिथंच सुरू झाली.

उत्तनच्या चर्चमध्ये इनास व्हायोलिन वाजवायचा. कारखान्यात आम्ही शेजारी बसून सर्किट बोर्ड दुरुस्त करण्यात अर्धं आयुष्य घालवलं. कान असा, की पंखा बिघडणार हे तो आठवडाभर आधी सांगायचा. त्याच्या जुन्या सीडी प्लेअरमध्ये ऑपअ‍ॅम्प म्हणतात ती नखाएवढी चिप होती. ती बदलली की आवाजाचा पोत बदलतो, असं आमच्यासारखी खुळी माणसं मानतात. मग रविवारी मिस्सा झाली की मी त्याच्या घरी जायचो. तो स्टुलावर प्लेअरकडे पाठ करून डोळे मिटून बसायचा, मी गुपचूप चिप बदलायचो आणि त्यानं निकाल द्यायचा. त्याच्या निकालावर मी कधी ब्र काढला नाही.

अलीकडे त्याची एकच तक्रार असायची, "व्हायोलिनवर कुणीतरी गोधडी टाकलीय रे." मी चिपा आणत गेलो. शेवटी चिप आणि तिच्याभोवतीचे दोन-तीन भाग एका छोट्या पट्टीवर जोडून वरचे स्वर चांगलेच उचलले. माझ्या कानात अक्षरशः सुया टोचल्या. तो मात्र खुलला. "आता मोकळं झालं की नाही, खरं सांग." मी म्हटलं, एकदम मोकळं! वाटलं, खोट आपल्याच कानात असणार, आणि त्याच्यासमोर ढ ठरायचं नव्हतं मला. त्याच सुमारास त्यानं चर्चमध्ये वाजवणं सोडलं. नवीन पोरं जीव ओतून वाजवत नाहीत, काही ऐकूच येत नाही, म्हणाला. मी त्यालाही मान डोलावली.

तो जाऊन महिना झाला, त्या दिवशीच्या मिस्सेनंतर सगळे त्याच्या घरी जमले होते. वहिनींनी त्याची आवडती सीडी लावली. पहिला सूर निघाला आणि पुतण्यांनी कानांवर हात ठेवले. कुणीतरी म्हणालं, स्पीकर फाटलाय वाटतं. स्पीकर धडधाकट होता... इनासला कमी ऐकू येत होतं, आणि मी यंत्र त्याच्या बहिऱ्या होत चाललेल्या कानाला जुळवत बसलो होतो. वहिनी हळूच म्हणाल्या, "हा आवाज कवापासून असाच टोचतोय, भाऊ. तुम्ही चांगलं म्हणायचा म्हणून मी गप्प. म्हटलं, तुम्हा दोघांना कळतं ते मला कळत न्हाय." मीरा रोडला स्टेशनजवळ कान तपासणाऱ्याची पाटी आहे, तिच्याखालून मी रोज जातो. मी एकदा 'टोचतंय' म्हटलं असतं, तर कानात मशीन घालून का होईना, तो चर्चमध्ये वाजवत राहिला असता.

प्लेअरचं झाकण उघडून मी ती पट्टी काढली आणि जुनी चिप बसवली. आवाज पूर्वीसारखा गोड झाला. माणसं सैलावली, चहा प्यायली, हळूहळू उठून गेली. वहिनींनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं.

"छान हाय. आता मघाचीच चिप लावा परत."

टोचेल वहिनी, मी म्हटलं.

"टोचू दे. हा गोड आवाज त्यांना ऐकू जायचा न्हाय."

मी ती पट्टी परत बसवली. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून वहिनींनी खिडकी लावून घेतली. त्याचं स्टूल अजून तिथंच होतं, प्लेअरकडे पाठ करून बसता येईल असं. मी त्यावर बसलो, डोळे मिटले. व्हायोलिन सुरू झालं.

"टोचतंय रे, इनास," मी मोठ्यानं म्हणालो.