अण्णांनी कुणाला ढकललं नाही

आमच्या गावात पोहायला शिकवायची एकच रीत होती. पोराला विहिरीच्या काठावर उभं करायचं आणि मागून ढकलून द्यायचं. अण्णांनी आयुष्यात कुणाला ढकललं नाही. पांगिऱ्याच्या हलक्या लाकडाचा बिंडा पाठीला बांधून पोर पायरीवर बसायचं आणि अण्णा पाण्यात वाट बघायचे. कधी कधी सगळी सकाळ वाट बघण्यातच जायची.

अण्णा म्हणजे माझे मालक. लिहितानाही नाव घ्यायला हात धजत नाही, म्हणून गाव म्हणायचं तेच लिहिते. साखर कारखान्यात फिटर होते. उन्हाळ्यात कारखान्याचा पट्टा पडला, गळीत थांबलं, की ते विहिरीवर. शिराळ्याच्या खालच्या अंगाला आमच्या वाड्या आहेत, तिथली बहुतेक पोरं त्यांच्याच हाताखाली तरली. भिऊ नको, असं ते कधी म्हणत नसत. म्हणायचे, "भ्या वाटतंय? वाटू दे की. पर हात थांबवू नगंस."

पोरींना शिकवायचा त्यांना ध्यास होता. त्याचं कारण त्यांनी मला लग्नानंतर एकदाच सांगितलं. त्यांची थोरली बहीण पाणी शेंदताना पाय घसरून विहिरीत गेली होती. "मला पवता येत हुतं. तिला कुणी शिकवलंच न्हाई. पोरीच्या जातीला काय करायचंय, म्हनले." एवढं बोलून ते उठले आणि म्हशीला पाणी दाखवायला गेले.

मी मात्र कोरडीच राहिले. घोट्याच्या वर पाणी आलं की मी काठाकडं पळायचे. पारावरचे त्यांचे मित्र त्यावरून त्यांना सोडत नसत. "अण्णा, गाव पवायला लावलंस गड्या, आन् घरची तेवढी वाळत घातलीस व्हय रं?" अण्णा तंबाखू मळत म्हणायचे, "तिचं तिला वाटंल तवा यील." घरी येऊन त्यांनी तो विषय कधी काढला नाही.

आमच्या भागातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात मुलूखभर पसरली आहेत. माझा भाचा संपत असाच नेपाळात, पोखऱ्याला असतो. अण्णा निवृत्त झाले त्या वर्षी त्याचा फोन आला. बोलता बोलता त्यानं सांगितलं, की त्याच्या कामगाराच्या गावी शाळा तळ्याच्या पलीकडं आहे, पोरं रोज नावेनं जातात आणि पावसाळ्यात नाव उलटून दोन पोरी गेल्या. अण्णा फोनवरच म्हणाले, "तिकडं पांगिरा मिळतो का रं?" आणि फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "चलतीस का? सैपाकाला."

उन्हाळ्यात निघालो. परदेश म्हणून कुणी विमानात बसवलं नाही. मिरजेहून रेल्वेनं पुणे, पुण्याहून गोरखपूर, पुढं बस. सगळा वेळ बिंड्यांची पोती आमच्या पायाशी. सीमेवरच्या शिपायानं पोत्यावर काठी आपटून विचारलं, हे काय? अण्णा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "तैरने का लकडी है साब. बैठो, बांधके दिखाता." शिपाई हसला आणि त्यानं आम्हाला जाऊ दिलं.

तळं मोठं होतं, पलीकडचा डोंगर पाण्यात दिसायचा. शाळा सुटली की पोरं कपडे काढून धडाधड पाण्यात यायची. पोरी काठावर दप्तरं मांडीवर घेऊन बसायच्या. अण्णा रोज बिंडे त्यांच्यासमोर मांडून ठेवायचे आणि संध्याकाळी तसेच कोरडे उचलून आणायचे. आठवडा असाच गेला. पावसाळा तोंडावर होता, आणि पुन्हा त्याच पोरी त्याच नावेत बसणार होत्या.

एके दिवशी एका पोरीची आजी काठावर आली. कमरेत वाकलेली, पण आवाज खणखणीत. ती अण्णांना हात करून बरंच काही बोलली. तिथली भाषा आम्हाला समजावून सांगायला संपत बरोबर असायचा, तो खाली मान घालून उभा राहिला.

"काय म्हंत्यात? सांग की."

"मामा, त्या म्हंत्यात, तुमची बायकू रोज हितं पदर सावरून बसती. सोताच्या बायकूला पान्यात घालायचा भरवसा न्हाई, आन् आमच्या पोरी मागताय व्हय?"

अण्णांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "तिला सांग, बायकूचं बायकूला इचार. तिच्या वतीनं मी कसा बोलू?"

ते रागावले असते, हाताला धरून ओढलं असतं, तर मी जागची हलले नसते. मी उठले, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि म्हणाले, "आवं, बांधा की त्यो बिंडा."

त्यांनी बांधला आणि गाठ दोनदा ओढून बघितली. त्यांचा हात धरून मी छातीभर पाण्यात गेले, पाय सुटले आणि नाकातोंडात पाणी गेलं. खोकत, हातपाय झाडत मी वर आले तेव्हा काठावरच्या पोरी पोट धरून हसत होत्या. मला लाजेनं मेल्यासारखं झालं. पण त्या हसण्यातच एक पोर उठली, त्या आजीचीच नात. तिनं दप्तर आजीच्या हातात दिलं आणि बिंडा उचलला.

त्यानंतर अण्णांच्या बिंड्यांवर पोरींची भांडणं व्हायची. त्या त्यांना बाजे म्हणायच्या, बाजे म्हणजे आजोबा. मी त्यांच्यातच एक होऊन शिकले, आणि सगळ्यांत मागे राहिले. निघायच्या आदल्या दिवशी अण्णांनी नाव काठापासून दूर थांबवायला लावली. शाळेच्या कपड्यांतच पोरी बिंड्याशिवाय एकेक करून उतरल्या आणि काठावर आल्या. आजी शेवटची पोर बाहेर येईपर्यंत उभीच होती. मग तिनं आम्हा दोघांच्या कपाळाला टिका लावला. घरी येताना गाडीत अण्णा लहान पोरासारखे झोपले. तसं झोपलेलं मी त्यांना आधी पाहिलं नव्हतं.

दोन वर्षांनी त्यांना छातीत कळ आली. मिरजेच्या दवाखान्यात नेलं, पण तिसऱ्या दिवशी गेले.

सांगलीला घाटावर रक्षा सोडायला गेलो. नदी उतरली होती. काठाशी शेवाळ आणि लोकांनी टाकलेलं निर्माल्य साचलेलं. आमच्या मुलानं गुडघाभर पाण्यात जाऊन मडक्यातली मूठभर राख सोडली, ती वाहीना. फिरून फिरून त्याच्याच पायाशी येऊ लागली. माणसं म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता, जाईल हळूहळू."

मी म्हणाले, "बाळा, दे हिकडं ते मडकं."

"आई, फुडं लय खोल हाय."

"म्हाईत हाय मला."

मडकं पुढं ढकलत मी पोहत धारेपर्यंत गेले. तिथं पाणी वाहतं होतं, स्वच्छ होतं. मडकं उलटं केलं. राख थोडा वेळ पाण्यावर दिसली, मग पाण्याच्याच रंगाची झाली. घाटावरून मुलगा हाका मारत होता. खाली पाय टेकत नव्हते. मी आणखी थोडा वेळ तिथंच थांबले.