सुगनाबाई काय म्हणाली

"अपेंडिक्स वाटतंय. सर्जरीला कॉल द्या," असं म्हणून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

नागपूरच्या एका सरकारी दवाखान्यात मी कॅज्युअल्टीची इन्चार्ज सिस्टर होते. सकाळचे दहा वाजले असतील. छिंदवाड्याकडच्या खेड्यातून आलेली सुगनाबाई पोट धरून पडली होती. नवराबायको दोघंही गोंडी बोलणारे. हिंदीत काहीही विचारा, बाई मान हलवायची. उलटी झाली? हो. ताप होता? हो. मी सगळं केसपेपरवर लिहून घेतलं.

तेवढ्यात रंजना सिस्टर आली. वॉर्डातल्या अटेंडंट फुलाबाईंकडून ती वर्षभर गोंडी शिकत होती. मी तिला म्हणायचे, "काहून वं, त्यापेक्षा इंग्लिश पक्कं कर ना!"

रंजना वाकून सुगनाबाईच्या कानाशी काहीतरी बोलली. बाईने तिचा हात घट्ट धरला आणि बोलतच सुटली. इतका वेळ मुकी वाटलेली बाई! जीभ मात्र जड पडत होती. रंजनाने तिच्या पापण्या बघितल्या.

"सर, इकडे या! पहाटे जमिनीवर झोपली होती. अंगावरून थंडगार काहीतरी सरकत गेलं म्हणते. आता डोळे उघडत नाहीत, थुंकी गिळता येत नाही."

डॉक्टर धावत आले. "मण्यार!"

मण्यार सापाचा दंश झोपेत कळतही नाही. बहुतेकदा खूण दिसत नाही. आधी पोट दुखतं, मग पापण्या पडतात, शेवटी श्वास थांबतो. सापाच्या विषावरचं इंजेक्शन सुरू झालं. अर्ध्या तासात श्वास मंदावला, तसं तिला व्हेंटिलेटरवर घेतलं.

ड्युटी संपली की रंजना आयसीयूत जायची. त्या निश्चल देहाशी गोंडीत बोलत राहायची.

"काय सांगून राहिली वं तिले?"

"नवरा बाहेर बसला हाये, जेवला बी. एवढंच, मॅडम."

चौथ्या दिवशी नळी निघाली. सुगनाबाई घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटली. रंजना रडायला लागली.

"काय म्हणते?"

"म्हणते, हात हलत नव्हता, पण तुझं बोलणं सारं ऐकू येत होतं."

तीस वर्षांच्या नोकरीत असं काही मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मीही फुलाबाईंपुढे बसले. आता मला गोंडीत दहा प्रश्न विचारता येतात. उत्तरं समजायला अजून रंजनाच लागते.