काळी चारचा सा

आमच्या मंडळाची दिवाळी पहाट शनिवारी सकाळी दहा वाजता होते. न्यू जर्सीतल्या आमच्या पार्सिपनीत त्याआधी कुणी उठून येत नाही. आई तिथे दरवर्षी चहाचे कप भरत बाकीच्यांचं गाणं ऐकायची. गेल्या वर्षी पहिल्यांदाच तिने स्वतःचं नाव दिलं. एकच अभंग म्हणायचा होता.

"फोनवरच्या ॲपचा तंबोरा मेल्यासारखा वाजतो गं," ती मला फोनवर म्हणाली. "तुझ्या कॉलेजात काही असेल तर बघ."

आई ग्रोसरी स्टोअरच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी तिथे नेमकं काय शिकते, हे घरी सांगणं मला कधी नीट जमलेलं नाही. हे काम मात्र सांगण्यासारखं होतं. म्हणून लॅबमधला छोटा मॉड्युलर सिंथेसायझर परवानगीने घेतला आणि पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावाहून बसने घरी आले.

हा म्हणजे बटणांची आणि भोकांची एक पेटी. तिच्यातले भाग केबलने एकमेकांना जोडले की आवाज तयार होतो. त्यातला ऑसिलेटर मूळ सूर धरतो, पण तो शिट्टीसारखा गुळगुळीत असतो. तंबोऱ्याच्या जवारीची झणझण त्यात यावी म्हणून मी दुसऱ्या ऑसिलेटरने पहिल्याला हलवायचं ठरवलं.

शुक्रवारी संध्याकाळी शेजारचे काका तबला घेऊन आले. मंडळाच्या कार्यक्रमाची यादी तेच करतात. मी काळी चारचा सा लावला. आई गायला लागली. मी हळूहळू बटण फिरवत आवाजात झणझण भरत गेले. छान वाटत होतं. अंतऱ्याला आईचा आवाज फाटला आणि ती थांबली.

"वहिनी, आपण वरच्या मजल्यावर निघालो की काय?" काका हसत म्हणाले.

आई हसली नाही. "माझाच सूर चढला. बाकीच्या बायका शिकलेल्या आहेत गाणं. भाऊजी, माझं नाव कॅन्सल करा."

मी फोनवर सूर मोजणारा ट्यूनर उघडला. सा जवळजवळ पुढच्या पांढरी पट्टीवर जाऊन बसला होता. आई बेसूर झालीच नव्हती. ती इमानाने त्याच्या मागे वर गेली होती.

"आई, तू नाही चढलीस. मशीन चढलंय."

"कॉलेजचं मशीन कसं चुकेल?"

वर्गात माझं उत्तर शेजारच्यापेक्षा वेगळं आलं, तर मीही न तपासता आधी माझंच खोडते.

केबल मी फ्रीक्वेन्सीच्या भोकात घातली होती. तिथे बाहेरून येणारा व्होल्टेज सुराच्या कंपनांचा वेगच, म्हणजे त्याची उंचीच, बदलतो. माझ्या दुसऱ्या ऑसिलेटरचा व्होल्टेज सरासरीने शून्याच्या जरा वर राहत होता, त्यामुळे बटण फिरवेन तसा सा वर सरकत होता. शेजारचं भोक फेजचं होतं. मी केबल काढून तिथे घातली.

"याने काय होणार?" आईने विचारलं.

"तू आणि काकू संध्याकाळी पार्किंगला फेऱ्या मारता ना? काकू बोलता बोलता मागे राहतात, मग भरभर येऊन तुला गाठतात. पण फेरी दोघींची बरोबरच संपते. तसंच. सूर आतल्या आत पुढेमागे होतो, फेरीचा वेळ तोच राहतो."

"तुझी काकू मागे नाही राहत, थांबते," काका म्हणाले.

मी बटण पूर्ण फिरवलं. आवाज उघडला, झणझणला, आणि ट्यूनरचा काटा होता तिथेच राहिला. आई काट्याकडे बघत होती.

"आणि उद्या परत सरकलं तर?"

"तर तू सरकू नकोस. मला सांग."

ती नाव मागे घेणार की नाही, ते मात्र बोलली नाही. सकाळी उठले तेव्हा ती नेसून तयार होती.

गार गाडीतून पेटी आणली आणि घाईत सा लावून मी स्टेजवर बसले. आधीचं गाणं लांबलं. तोवर पेटी तापली होती. अशा ऑसिलेटरचा सूर तापताना थोडा हलतो, हे मला माहीत होतं. त्या गर्दीत सुचलं नाही. आईची पाळी आली. तिने डोळे मिटले, सा लावला आणि लगेच थांबली. मला वाटलं, आता ती उठणार.

तिने माइक थोडा बाजूला केला, तरी सगळ्यांना ऐकू आलंच.

"बाळा, तुझं मशीन उतरलंय."

पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मी बटण केसभर फिरवलं. तिने मान हलवली. अजून थोडं फिरवलं.

"हं. आता राहू दे," ती म्हणाली आणि गायला लागली.