मामांचा विमान कंपनीवरचा दावा

झालेल्या नुकसानीची भरपाई मागणं हा जर धर्म मानला, तर आमच्या मामांइतका धार्मिक माणूस अख्ख्या बेळगाव तालुक्यात झाला नाही. मामा कंग्राळीचे, नोकरी उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत. शिंप्यानं सदरा आठ दिवस उशिरा दिला, तर मामा ते आठ दिवस शिंप्याचाच सदरा घालून हिंडले. पैशाला मात्र हात लावायचे नाहीत. जे बुडालं तेच परत पाहिजे, हा त्यांचा हट्ट. एकदा चिकोडीच्या स्टँडवर बस दोन तास उशिरा आली. मामांनी कंट्रोलरला गाठलं. "दोन तास उभं केलासा, आता दोन तास बसवा," म्हणाले आणि त्याच्याच खुर्चीत बसले. आलेली बस त्यांच्या डोळ्यांसमोर भरून निघून गेली, पण भरपाई पुरी व्हायच्या आत उठणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. बिचारा कंट्रोलर शेजारी उभा राहून निपाणीच्या गाड्या पुकारत होता आणि मामा त्याला आवाज वाढवायला सांगत होते.

असल्या माणसाचं विमान रद्द व्हावं, हे त्या कंपनीचं दुर्दैव. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मुंबईला जाऊन एक मशीन तातडीनं बघून यायचं होतं, म्हणून मालकांनी मामांना विमानाचं तिकीट काढून दिलं. गल्लीतलं कुणी तोवर विमानात बसलं नव्हतं. मामी तर आठ दिवस परसातल्या कडब्याच्या गंजीकडे बघून हात हलवायचा सराव करत होत्या, मी स्वतः पाहिलंय. निघायच्या दिवशी त्यांनी मामांच्या हातावर दही घातलं, ओवाळलं, आणि पंचवीस माणसं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीवाटीनं बसून सांबऱ्याच्या विमानतळावर पोचली. लग्नातला शालू नेसून मामी कुंपणाशी सगळ्यांत पुढं. दोन तासांनी कळलं, ढग उतरलेत, आज विमान येणार नाही. ओवाळून निघालेला माणूस काम झाल्याशिवाय आमच्याकडे घरात परत येत नाही, म्हणून मामांना बस स्टँडवर सोडायचं ठरलं. वाटेत ट्रॉलीतली एक बाई हसत म्हणाली, "आक्का, हात दुखाय लागला आसंल की." मामी मांडीवरच्या ओवाळणीच्या ताटाकडे बघत राहिल्या. मामांनी ते पाहिलं.

मुंबईचं काम उरकून आल्यावर पहिल्याच रविवारी मामा विमानतळावर हजर. तिथले साहेब धारवाडकडचे, शांत गृहस्थ. तिकिटाचे पैसे परत मिळतील, असं त्यांनी सांगितलं.

"पैसं मालकाचं, ते त्यास्नी द्या," मामा म्हणाले. "माझ्या बायकोचा हात हलवायचा ऱ्हायला, त्येचं बोला."

मग अर्ज सुरू झाले, एक मराठीत, एक कानडीत. मराठीतले मीच लिहून दिले. साहेब दर रविवारी "नोडोण," म्हणजे बघू, म्हणायचे आणि मामा पुढच्या रविवारी बघायला जायचे. पावसाळा सरला, दिवाळी झाली, तेव्हा साहेबांनीच हात टेकले. मुंबईचं विमान अर्धा तास थांबतं, तेवढ्यात पाच मिनिटं मामांनी खिडकीशी बसावं आणि मामींनी कुंपणापासून हात हलवावा, असं ठरलं. पुन्हा ट्रॉली भरली, पुन्हा शालू निघाला. आणि शिडीपाशी गेलेले मामा एकाएकी मागं वळले.

"साहेब, बुडालंय हिचं. तवा खिडकी बी हिलाच पायजे."

मामींना आत बसवलं. मामा कुंपणाशी उभे राहून दोन्ही हात असे हलवत होते, की वैमानिकाला शंका यावी. आत मामींनी मात्र खुर्चीचे दोन्ही दांडे जे गच्च धरले, ते पाच मिनिटं सोडलेच नाहीत. खाली उतरल्यावर त्यांच्या लक्षात आलं. "अगं बाई, हात हलवायचा ऱ्हायलाच की." गल्ली पोट धरून हसली आणि सगळ्यांत जास्त मामी हसल्या. मामांचा चेहरा तर उजळलाच. दावा अजून मिटलेला नाही, असं त्यांनी साहेबांना तिथल्या तिथं सांगितलं. साहेबांनी कोपरापासून हात जोडले.

तो दावा मिटायच्या आत मामाच गेले. त्या माणसावर माझा फार जीव होता. त्यानंतर दोन वर्षांनी नोकरीच्या कामासाठी मला विमानानं मुंबईला जायचं होतं. कुणाला बोलावलं नव्हतं, तरी मामी बस पकडून सांबऱ्याला आल्या. माझ्या हातावर दही घातलं आणि कुंपणाशी जाऊन उभ्या राहिल्या. मी खिडकीतून पाहिलं, तेव्हा त्यांचा हात वर होता आणि न थकता हलत होता. तो माझ्यासाठी नव्हता, हे मला कळत होतं. मी दांड्यावरचा हात सोडला आणि मामांच्या वतीनं, विमान वळेपर्यंत, हलवत राहिलो.