माझं आमेन राहून गेलं

मंडळी, आज मुरबाडला एका घरी आमची ख्रिस्ती प्रार्थना होती. एकाने देवाकडे मागायचं आणि शेवटी बाकीच्यांनी 'आमेन', म्हणजे 'तसंच होवो', म्हणायचं. सगळ्यांनी डोळे मिटले की कोणी हलत नाही, म्हणून मी तेव्हा गुपचूप चित्रं काढतो. हौस, दुसरं काय!

आज मार्थामावशीचं काढलं. लेकीच्या उद्याच्या ऑपरेशनसाठी ती रडत प्रार्थना करत होती आणि मी तिच्या गालावरची सावली जमवत होतो.

नंतर तिला चित्र दाखवलं.

"बेस काढलंस रे. मी देवाकडं काय मागितलं, ते ऐकलंस ना?"

"शब्द न् शब्द, मावशी."

"मग तुझं आमेन का नाय आलं कानावर?"

माझं दुकान आहे, गिऱ्हाईक काय पुटपुटतं ते ऐकूनच उभं केलेलं; आणि मावशीचं सगळं ऐकूनही मी नुसता सावलीच जमवत बसलो होतो.

घरी येऊन एकट्यानेच आमेन म्हटलं. उशिरा म्हटलेलं पोचतं का हो?