शनिवारचे पोहे

आमच्या इंदूरच्या ऑफिसात दर शनिवारी पाळीपाळीने कुणीतरी घरून पोहे आणतं. रेकॉर्ड सांभाळणारे बाबूजी मात्र आपल्या पाळीला दुकानातून आणतात. पुड्याची दोरी सगळ्यांसमोर सोडतात, हात न लावता चमच्याने वाढतात, वर जीरावन मसाला भुरभुरतात. मग माझ्या टेबलाशी थांबून दर वेळी तेच विचारतात, "मॅडमजी, आज उपास तर नाही ना?"

सगळे हसतात. मीही हसते.

ते ऑफिसात नवे होते तेव्हा त्यांनी घरून डबा आणला होता. "बायकोने पहाटे उठून बनवलेत, एकदम बढिया!" त्याच आठवड्यात त्यांची जात ऑफिसभर कळली होती. विभागाची प्रमुख मी; सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, "माझा आज उपास आहे." मग एकेकाला काही ना काही कारण सुचलं. डबा भरलेलाच परत गेला. दुपारी ते फाइल घेऊन केबिनमध्ये आले, तेव्हा मी कचोरी खात होते. "आराम से, मॅडमजी," म्हणाले आणि जाताना दार हळूच लोटून घेतलं, मला आणखी कुणी बघू नये म्हणून.

गेल्या शनिवारी सर्वांना सामावून घेणाऱ्या नेतृत्वावर माझं भाषण झालं. टाळ्या पडल्या. पाळी त्यांचीच होती. बशी माझ्यापुढे ठेवून त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला. मी धीर करून म्हणाले, "पुढच्या वेळी घरचे आणा ना."

दोरी बोटाला गुंडाळत ते म्हणाले, "घरचे तर आता घरीच संपून जातात, मॅडमजी."